कूस उजवण्याआधी

सान इसिद्रो
१४ जानेवारी १९९८

ओतिलिया,

आशीर्वाद लिहीत नाही. नांदणाऱ्या सुनेला आशीर्वाद लिहायचा असतो.

तीन राजांच्या सणाला 'चार दिवस मोरेलियाला मावशीकडे जाऊन येते' म्हणून तू घरातून निघालीस, त्याला आज आठ दिवस झाले. काल चेन्चोला खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, की तू इतक्यात येणारच नाहीस. का, तर शरीर तयार करायचंय. मूल राहायच्या आधी शरीर तयार करायचं! मी हसले. हसता हसता खोकला लागला. अगं, शरीर म्हणजे काय लग्नाचा झगा आहे, आधी माप घेऊन शिवून ठेवायला? मूल राहतं किंवा राहत नाही. ते काय डॉक्टरीणबाईला विचारून येतं?

दुकानातल्या फोनवर बोलले असते, पण रांगेतल्या बायकांना फुकटचा तमाशा कशाला. म्हणून लिहिते. शाळा मी तीनच वर्षं पाहिली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

जायच्या आधी महिनाभर तू माझ्या भांड्यातलं जेवत नव्हतीस. अ‍ॅल्युमिनियमचं एक पातेलं आणून त्यात स्वतःपुरता घेवडा शिजवत होतीस. कुंभाराच्या घरात! माझ्या कढया उरुआपानच्या जत्रेत लोक तोंड बघायला हातात घेतात इतकी त्यांची झिलई चमकते, आणि माझीच सून त्यात रस्सा करत नाही. शेजारच्या फिदेन्सियाने ते पातेलं पाहिलं. तिने काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

गेल्या जुलैत तुझं पोट पडलं तेव्हा मी काय कमी केलं सांग. मालिशवालीला तीनदा बोलावलं. पोटाला पट्टा बांधला. कूस थंड पडलीय म्हणून झाडपाला उकळून वाफ दिली. तयारी म्हणतात ती ही. ती मी केली होती, तुझ्या डॉक्टरणीने नाही.

एप्रिलातल्या झावळ्यांच्या रविवारच्या जत्रेला ऐंशी डझन कढया द्यायच्यात. झिलईत बुडवायला तुझ्यासारखा हलका हात आमच्याकडे दुसरा नाही. ही स्तुती नाही, अडचण सांगतेय. महिनाअखेर आलीस तर मी काही बोलणार नाही. त्यानंतर आलीस तर पुष्कळ बोलेन.

एर्मिनिया
(चेन्चोची आई, विसरली असशील तर)

*

मोरेलिया
२५ जानेवारी १९९८

सासूबाईंस नमस्कार.

तुमचं पत्र बसवाल्या एलीसेओंनी पावाच्या टोपलीतून आणून दिलं. चुका काढल्या नाहीत. काढायच्या म्हटल्या तर शब्दांच्या काढल्या नसत्या.

तुम्हाला जे चेन्चोने सांगायला हवं होतं, ते मीच सांगते. शेवटपर्यंत वाचा, मग हवं तर भट्टीत घाला.

नोव्हेंबरात आपल्या गावच्या दवाखान्यात आलेल्या डॉक्टरीणबाईंनी (त्या मोरेलियाच्याच, महिन्यातून एकदा गावी येतात) माझं रक्त तपासायला इथे मोरेलियाला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. दहाच्या आत असलं तर चालतं म्हणतात, माझं अडतीस आहे. हे शिसं आपल्या झिलईतलं. पिवळ्या पुडीतलं. मी ते चार वर्षं रोज कोपरापर्यंत हात बुडवून ढवळत होते, त्याच हाताने भाकरी खात होते. आपल्याच कढईत टोमॅटो-मिरचीचा आंबट रस्सा शिजला की झिलईतलं शिसं रश्श्यात उतरतं, तो आपण तिन्ही त्रिकाळ जेवतो.

डॉक्टरीणबाईंनी मला हाडाचं चित्र काढून दाखवलं. शिसं हाडांत जाऊन दडून बसतं. बाळ वाढायला लागलं की आईची हाडं बाळाला चुना पुरवतात, आणि त्या चुन्याच्या जोडीने शिसंही जातं. म्हणजे मी नुसती आतापासून सांभाळून वागले तर पुरणार नाही. आधी ते उतरलं पाहिजे. त्याला महिने लागतील, कदाचित दोन वर्षं. तोवर झिलईपासून लांब राहायचं, रोज दूध-दही, लोहाच्या गोळ्या, आणि शेवटी बाळाच्या पाठीचा कणा नीट व्हावा म्हणून वेगळ्या गोळ्या. चेन्चोचंही रक्त तपासायला हवं. पुरुषाच्या बीजालाही ते बाधतं.

तुमच्या मालिशवालीने माझी कूस थंड आहे म्हणून सांगितलं होतं. माझी कूस थंड नव्हती, सासूबाई. मला चार महिने झाले होते. तुम्ही त्या दिवशी अंगणात उभं राहून शेजारणीला म्हणालात, 'पोरगी दिसायला धडधाकट, आतून पोकळ.' भिंत मातीची आहे. ऐकू येतं.

झिलईची पूड घरातून बाहेर गेली की मी येईन. अंगणात नको, माळ्यावर नको, घरातच नको. महिनाअखेरची तुमची मुदत मला नको आहे.

चेन्चोसाठी याच पाकिटात वेगळी चिठ्ठी घातली आहे. त्याला द्यावी.

ओतिलिया

*

सान इसिद्रो
८ फेब्रुवारी १९९८

ओतिलिया,

पोकळ म्हटलं ते म्हटलं. माघारी घेत नाही. आता पुढचं ऐक.

तुझ्या खाटेखालची पेटी मी उघडली. उघडणारच, माझ्या घरात आहे. तिच्यात गोळ्यांचं पाकीट सापडलं, एकवीस खाचा, नऊ रिकाम्या. मी ते घेऊन दवाखान्यातल्या परिचारिकेला विचारलं. ती लाजत लाजत म्हणाली, या मूल न होण्याच्या गोळ्या आहेत. मूल न होण्याच्या! आणि मला चार पानं लिहितेस की मुलासाठी शरीर तयार करतेय! एका तोंडाने दूध पितेस, दुसऱ्या तोंडाने दार बंद करतेस. कोणासाठी बंद केलंयस आणि मोरेलियात कोणासाठी उघडं आहे, एवढंच आता विचारायचं राहिलं.

शिसं म्हणे. माझ्या आईने चाळीस वर्षं झिलई ढवळली आणि ब्याऐंशीव्या वर्षी वारली, तेही बैलाने शिंग मारलं म्हणून. मी सात वेळा बाळंत झाले. कोणत्या डॉक्टरणीने माझ्या हाडांची चित्रं काढली होती? सात वेळा! तुला एक धरता आलं नाही आणि तू माझ्या भांड्यांवर आळ घेतेस. ज्या कढईतलं खाऊन तुझा नवरा एवढा सहा फुटी झाला, ती विषारी. बरं.

चेन्चोचं म्हणशील तर तो तुझ्याबद्दल एक शब्द काढत नाही. तुझी चिठ्ठी त्याने वाचली आणि गप्प बसला. यातून काय ते समज.

एवढं झाल्यावर पुढचं लिहायला माझा हात धजत नाही, पण तुझ्या मावशीने एलीसेओंना सांगितलं की तुझं पोट पुन्हा दुखतंय, तू वाकून चालतेस. जून महिन्यात दुखत होतं तसंच. म्हणून सोबत कागदाची पुडी पाठवतेय. तेव्हा दिलं होतं तेच. नखभर घ्यायचं, गोड्या तेलात कालवायचं, वर साखर, तीन दिवस उपाशीपोटी. अडलेलं पोट मोकळं होतं. तुझी लायकी नाही, पण पोटदुखी शत्रूलाही नको.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये, आणि गोळ्या त्या गोठ्यात फेक.

एर्मिनिया

*

मोरेलिया
१७ फेब्रुवारी १९९८

दोन्या एर्मिनिया,

सासूबाई लिहिणार नाही.

पुडी उघडली. तेलात कालवून, साखर घालून, भिंतीकडे तोंड करून भरलेला चमचा तुम्ही पुढे केला होता तेव्हा मला ती कसल्यातरी मुळीची पूड वाटली होती. आज खिडकीच्या उजेडात कोरडी पाहिली. चार वर्षं हात बुडवले आहेत मी त्या रंगात. ही झिलईची पूड आहे. तुम्ही मला झिलईची पूड खायला घातलीत.

जूनमध्ये तीन दिवस. मग पुन्हा महिनाअखेर तीन दिवस, कारण गुण आला नाही. तेव्हा माझ्या पोटात बाळ होतं हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच देवळात मेणबत्ती लावली होतीत. जुलैच्या नऊ तारखेला ते पडलं.

मी पुडी तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला पहिलं विचारलं, 'कोणी कोणी खाल्लंय हे?' मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, आणि लहान मुलं? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपलं अंगण आलं. पोर कडेवर घेऊन येणाऱ्या बायका. 'दोन्या एर्मिनिया, याचं पोट अडलंय, चिमूटभर द्या ना.' अर्धं गाव तुमच्या दारात येतं. फिदेन्सियाबाईंचा नातू तर महिन्यातून दोनदा. चार वर्षांचा आहे, अजून बोलत नाही.

गोळ्यांचं सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या खाटेखाली पुन्हा वाकायला लागणार नाही. रक्त निवळण्याआधी दिवस राहिले तर ते बाळही जाईल किंवा अधू होईल, म्हणून तोवर दिवस राहू नयेत अशी त्या गोळ्या घेण्याची मला सक्त ताकीद आहे. दार मी बंद केलंय ते आत विष आहे म्हणून. पाहुण्याला विषाच्या घरात कोण बोलावतं?

तुम्ही लिहिलंत, सात वेळा बाळंत झाले. मला तुमच्याच तोंडून मोजून हवं आहे. चेन्चो एक. तिहुआनाची अंपारो दोन. उरलेले पाच कुठे आहेत? त्यांतल्या किती जणांना तुम्ही तेलात कालवून, वर साखर घालून दिलंत?

मला तुमचं उत्तर हवं आहे. आणि गावाला सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी येऊन सांगेन.

चेन्चोला दुसरी चिठ्ठी. त्याने गप्प बसायचं असलं तर माझ्यासमोर बसावं.

ओतिलिया

*

मोरेलिया
२१ मार्च १९९८

दोन्या एर्मिनिया,

महिना झाला. एलीसेओ म्हणतात, पत्र तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते उभ्या उभ्या दारातच वाचलंत, आणि त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाहीत. म्हणजे वाचलंत.

झावळ्यांच्या रविवारी सगळं गाव देवळात असेल. तोवर तुम्ही तोंड उघडलं नाहीत, तर मी सकाळच्या बसने येईन आणि देवळाच्या पायरीवर उभी राहून पुडी दाखवून सांगेन, कोणी दिली आणि कोणाला दिली. तुमच्या सुनेने तुमची अब्रू घेतली असं गाव म्हणेल. म्हणू दे.

चेन्चोला तिसरी चिठ्ठी देते आहे. दोन चिठ्ठ्यांना उत्तर नाही. याही वेळी आलं नाही तर मी त्याला नवरा म्हणायची थांबेन. हे त्याला वाचून दाखवा, तुम्हाला आवडेल.

ओतिलिया

*

सान इसिद्रो
१४ एप्रिल १९९८

ओतिलिया,

तू धमकी दिलीस म्हणून मी बोलले असं समजू नकोस. तुझं हे पत्र यायच्या आधीच्या रविवारी मी बोलले होते. तारीख कोणालाही विचार. एलीसेओंकडून तुला कळलंच असेल, म्हणून तर झावळ्यांच्या रविवारी तू आली नाहीस.

हे पत्र मी पाच दिवस लिहितेय. मध्ये भट्टी लावली, मध्ये रागावले, मध्ये दोन कागद फाडले.

पहिलं हे, की मी लपवून दिलं नाही. भिंतीकडे तोंड केलं ते चमचा भरताना बघून तुला किळस येऊ नये म्हणून. ती झिलईची पूड आहे हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. माझ्या आईने मला दिली, तिच्या आईने तिला. तुलाच माहीत नव्हतं, कारण तू बाहेरून आलीस आणि कधी विचारलं नाहीस. मी तुला मारायला दिलं असं तुझ्या पत्रात लिहिलेलं नाही, पण वाचताना तसंच वाचता येतं. माझ्या नातवाला मी मारायला निघाले होते होय गं? मेणबत्ती लावणारी मी?

पण दिलं. ते खरं.

तुझं पत्र आलं त्या रात्री झोपले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पायी दवाखान्यात गेले. परिचारिकेपुढे हात केला, म्हटलं, काढ रक्त. तिला वाटलं मी भांडायला आलेय. तीन आठवड्यांनी आकडा आला. एकसष्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'बाई, तुम्ही चालत कशा आलात?' मी म्हटलं, नेहमीसारखी.

तू मोजून मागितलेस. मग घे.

पहिला मेलेलाच जन्मला. त्याचं नाव ठेवायला पाद्रींनी नकार दिला. मग लुसिना. मग दोन, तुझ्यासारखी, चौथ्या-पाचव्या महिन्यात. मग चेन्चो, मग अंपारो. शेवटी दामियान, तो चाळीस दिवस होता.

लुसिना दोन वर्षांची होती. मी झिलई लावायचे तेव्हा ती माझ्याजवळ बसून बोटं बुचकळायची आणि चाटायची, गोडसर लागते म्हणून. आम्ही हसायचो. तिचं पोट दुखायला लागलं. मी पूड दिली. जास्त दुखायला लागलं. मी जास्त दिली. तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर तिला आकडी आली, डोळे वर गेले, दात घट्ट बसले. मी तेव्हा चौथा चमचा कालवत होते. तो चमचा तिच्या दातांमधून आत घालायचा प्रयत्न केला मी. तेवीस वर्षं झाली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते लपवायचं म्हणून नव्हे. यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. देवाने नेली असं मला वाटत होतं, आणि देवावर रागावून मी बरी जगत होते. तू ते काढून घेतलंस.

तू हे मला दुसऱ्या कोणत्याही रीतीने सांगू शकली असतीस. तोंडाने, इथे येऊन, शेजारी बसून. तू कागदावर प्रश्न लिहून पाठवलास, जसा शाळेत मास्तर विचारतो. पाच कुठे आहेत. मी ते वाक्य कधी विसरणार नाही आणि तुला त्याबद्दल माफ करणार नाही. माझ्याकडून माफी मागितली जाईल अशी वाट तूही बघू नकोस. आपण दोघी फिटलो.

देवळाचं सांगते. प्रार्थना सुटली तेव्हा मी दारात उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, 'बायांनो, माझी पूड पोरांना देऊ नका. ज्यांच्या घरी आहे त्यांनी आणून मला परत द्या. ते विष आहे. मी दिलं, मला माहीत नव्हतं.' बायका हसल्या. एकीला वाटलं मी औषधाचा भाव वाढवायला निघालेय. मी पुन्हा म्हणाले. मग म्हणाले, 'माझी लुसिना त्यानेच गेली.' तेव्हा हसणं थांबलं.

फिदेन्सिया पुढे आली. चाळीस वर्षं आम्ही एका दगडावर मका वाटलाय. म्हणाली, 'मग माझा नातू बोलत नाही तो त्यामुळे का?' मी म्हटलं, मला ठाऊक नाही, दवाखान्यात ने. ती म्हणाली, 'तुला ठाऊक नाही? देताना ठाऊक होतं, आता ठाऊक नाही?' आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. मी गाल चोळला नाही. अजून ती माझ्याशी बोलत नाही. पोराला मात्र दवाखान्यात नेलं, हे मला परिचारिकेकडून कळलं.

कोणीही पूड परत आणून दिली नाही. दोघी-तिघींनी ओढ्यात टाकली म्हणतात. बाकीच्या अजून कढया बुडवतातच. त्यांना खायचंय. मी नाही बुडवत. जत्रेची ऐंशी डझन रद्द झाली. मी आता बिनझिलईची पाण्याची मडकी करते, लाल, खरबरीत, दिसायला भिकारी. कोणी तोंड बघायला हातात घेत नाही.

आता शेवटचं, जे लिहायला पाच दिवस लागले ते. तुझ्या चेन्चोला लिहिलेल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या मी त्याला दिल्या नाहीत. भट्टीत घातल्या. तो गप्प होता कारण त्याला वाटलं तूच गप्प आहेस. तिसरी काल दिली, आणि पहिल्या दोन्हींचंही सांगितलं. त्याने मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. कपडे बांधले. हे पत्र तोच घेऊन येतोय. बापाच्या मागे त्याला मी एकटीने वाढवला, आणि आता या घरात त्याच्या टोपीची खुंटी रिकामी आहे.

त्याचं रक्त तपासून घे.

एर्मिनिया

*

मोरेलिया
३ मे १९९८

दोन्या एर्मिनिया,

चेन्चो पोचला. त्याचा आकडा एकोणतीस. बांधकामावर काम धरलं आहे. तुमच्याबद्दल तो बोलत नाही, आणि या वेळी ते खरं आहे, कारण मी समोर बसून पाहते.

चिठ्ठ्या जाळल्यात हे वाचून मी तासभर मावशीच्या अंगणात फेऱ्या मारल्या. तीन महिने मी त्या माणसाचा मनातल्या मनात रोज काडीमोड करत होते. तो तुम्ही मला भेट दिलेला वेळ आहे, तो मी तुम्हाला परत करू शकत नाही. करता आला असता तर व्याजासकट केला असता.

लुसिनाबद्दल मला माहीत नव्हतं. तो प्रश्न मी तसा विचारायला नको होता. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही. आणि त्यामुळे बाकी काही बदलत नाही. माझं बाळ पडलं तेव्हा मला 'पोकळ' म्हणून तुम्ही अंगणात उभ्या होतात. ते तुम्ही मागे घेतलं नाहीत.

परत येणार नाही. घर झाडून, माती बदलून, पाटे धुवूनही येणार नाही. तुम्ही एकट्या आहात असं लिहायचा तुमचा रोख मला कळला.

माझा आकडा एकतीसवर आला.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, एकसष्टवाल्या बाई औषध घ्यायला का येत नाहीत. मी सांगितलं, त्यांना सांगणारं कोणी नाही.

ओतिलिया

*

सान इसिद्रो
३० मे १९९८

ओतिलिया,

औषध कशाला? मला कोणतं मूल होणार आहे? चोपन्न वर्षांची कूस तयार करून मी काय करू, त्यात मका साठवू?

डॉक्टरणीला म्हणावं, ज्या तरुण पोरी झिलईत हात घालतायत त्यांच्या मागे लाग. नावं हवी असतील तर मी देते. कालपर्यंत पाच दिली. एकीच्या सासूने माझ्या दारावर शेण फेकलं.

पोकळ हा शब्द मागे घेते. आता आणखी काही मागू नकोस.

एर्मिनिया

*

मोरेलिया
१२ फेब्रुवारी २०००

दोन्या एर्मिनिया,

पावणेदोन वर्षं तुम्ही लिहिलं नाहीत, मीही नाही. एलीसेओ न विचारता तुमच्या बातम्या देतात, तशाच माझ्याही तिकडे पोचत असतील. तरी हे मी स्वतः कळवावं असं चेन्चोचं म्हणणं. माझं नाही.

परवाच्या तपासणीत माझा आकडा नऊ आला. चेन्चोचा सात. डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवून दोनदा वाचून दाखवला. आता कण्याच्या गोळ्या तीन महिने घ्यायच्या, आणि मग दिवस न राहण्याच्या त्या दुसऱ्या बंद करायच्या. म्हणजे मे महिन्यापासून.

इतकी वाट पाहिल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटते. हाडांत अजून किती आहे ते कोणालाच मोजता येत नाही म्हणतात. तुम्हाला हे का लिहिते आहे कळत नाही. इथे मावशी म्हणते, 'सगळं छान होईल गं.' चेन्चो तेच म्हणतो. तुम्ही असं म्हणणार नाही एवढी खात्री आहे, म्हणून असेल.

फिदेन्सियाबाईंचा नातू शाळेत जायला लागल्याचं कळलं.

ओतिलिया

*

सान इसिद्रो
२७ फेब्रुवारी २०००

ओतिलिया,

छान होईल असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. तू जे करायचं ते केलंस, माझ्या आळीत कोणी केलं नाही, मी केलं नाही. दोन वर्षं मी तुझ्यावर हसले, मग चिडले, मग बोटांवर महिने मोजत बसले. तू तिथे दूध पीत होतीस आणि मी इथे मोजत होते. त्याबद्दलही मला तुझा राग येतो.

नातू शाळेत जातो. दहा-बारा शब्द बोलतो. एक शिवी आहे, ती माझ्या नावाची. फिदेन्सियाने शिकवली असेल.

आता माझं एक ऐक. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही, हुकूमच केला. हे मागणं आहे.

दिवस राहिले की मला कळवू नकोस. चेन्चोलाही सांग, एलीसेओंनाही सांग. तिसरा महिना सरला, पाचवा लागला, असलं काही माझ्या कानावर येऊ देऊ नकोस. मी पाच वेळा मोजत बसलेली बाई आहे. आणखी एकदा मोजायची ताकद माझ्यात नाही. कळलं तर मी रोज तुझ्या पोटाचं वाईट चिंतून चिंतून मरेन, हितचिंतक म्हणून.

जन्मलं की कळव. मुलगा की मुलगी, वजन किती, कोणावर गेलंय, ते लिहू नकोस. रडलं का, तेवढं लिही.

एर्मिनिया

*

मोरेलिया
१९ मार्च २००१

सासूबाई,

रडली. अजून थांबलेली नाही.

ओतिलिया